दोन आखूड हाका

झाड ठरलेल्या बाजूला पडलंच नाही. ते मधेच गर्रकन फिरलं, उजवीकडची पाचसात लहान झाडं चिरडत खाली आलं आणि जमिनीवर आदळताच लांबीनं उभं फाटलं. मी पंधरा पावलांवर उभा होतो. तोंडात माती गेली, कानात शिट्टी वाजायला लागली. धूळ बसली तेव्हा दिसलं, तिघांच्या कवेत न मावणारा तो बुंधा आतून रिकामा होता. लाकूड म्हणून जे काही होतं ते वीतभर जाडीची कड. मधे सगळा ओला, तपकिरी भुसा.

इलेर, झाड कापणारा, करवत टाकून जिवाच्या आकांतानं पळाला होता. तो परत आला तो थेट माझ्याकडे. सहा फूट उंच, दंड माझ्या मांडीएवढे. त्यानं माझी गचांडी धरून मला अक्षरशः उचललं.

"तू म्हणालास कापा," तो म्हणाला. "म्हणालास की नाही?"

म्हणालो होतो. गॅबनच्या त्या जंगलात येऊन मला आठवडाही झाला नव्हता, पण त्याआधीची अकरा वर्षं बल्लारशाच्या लाकूड डेपोत सागवानाचे लठ्ठे मोजण्यात गेली होती. सागवान कळतं म्हणजे जगातलं यच्चयावत लाकूड कळतं, असा माझा समज. मुसावू या झाडाला नको म्हणत होता. मुसावूचं कामच ते, झाड पारखायचं. नदीकाठच्या गावातला, पन्नाशीचा, वाळक्या शेंगेसारखा माणूस. कोयत्याच्या पाठीनं खोडावर ठोकायचा, कान लावायचा आणि हो किंवा नाही सांगायचा. मी त्याला बाजूला सारून स्वतः ठोकून पाहिलं होतं आणि हात वर केला होता. हात वर म्हणजे कापा. हात खाली म्हणजे थांबा. कापणाऱ्याच्या कानांवर टोप्या असतात आणि करवत बोंबलत असते, त्यामुळे हाक त्याला ऐकू येत नाही. त्याचे डोळे देखरेख करणाऱ्याच्या हाताकडे. तो हात माझा.

"सोड त्याला," मुसावू म्हणाला. "मेला नाहीस ना? मग सोड."

इलेरनं मला सोडलं आणि बाजूला जाऊन ओकला. मुसावूला मात्र भलतंच काहीतरी हवं होतं. तो शेंड्याकडच्या मोडक्या फांद्यांमधे वाकून शोधत होता. एका वाळक्या फांदीच्या खुंटातून त्यानं एक पाखरू बाहेर काढलं. मुठीत मावेल एवढं. पाठ हिरवी, छातीवर बारीक रेघा, डोक्यावर लाल टोपी. एक पंख चेंदून गेला होता, पण जीव होता. मुसावूनं दोन बोटांत मान धरून एकदाच पीळ दिला आणि ते माझ्या तळहातावर ठेवलं. ते अजून गरम होतं.

"हा वर भोकं पाडत होता. मी तुला बोटानं दाखवलं. हा मऊ, सडक्या लाकडातच घर करतो, चांगल्या लाकडाला चोच लावत नाही. तू खाली ठोकत बसलास. खाली सगळीच झाडं शहाणी असतात."

मी ते पाखरू तळहातावर उलटंसुलटं करून बघितलं.

"तुमच्याकडे याला काय म्हणतात?"

"सुतार," मी म्हणालो. सुतार म्हणजे लाकडाचं काम करणारा, हेही माझ्या मोडक्या फ्रेंचमधे सांगितलं.

"आणि तुझं नाव काय?"

आता आली पंचाईत. शाळेत घालताना हेडमास्तरांनी बापाला आडनाव विचारलं, बाप काम काय ते विचारतायत असं समजून 'सुतार' म्हणाला, आणि तेच पुढे दाखल्यावर, पासपोर्टवर सगळीकडे चढलं. मुरलीधर सुतार.

"सुतार," मी म्हणालो.

मुसावू आधी माझ्याकडे, मग त्या मेलेल्या पाखराकडे बघत राहिला आणि मग हसत हसत खालीच बसला. इलेरला काही कळलं नाही, पण तोही तोंड पुसत हसायला लागला. नुकतेच मरता मरता वाचलेले आम्ही तिघं त्या फाटलेल्या झाडाशेजारी वेड्यासारखे हसत होतो.

तेव्हापासून मुसावूनं तो शब्द घेतला तो घेतलाच. मराठीतला तेवढा एकच शब्द त्याला येत होता आणि तो त्यानं दोन कामांना लावला. मला हाक मारायची असली की एकदाच, शेवट लांबवून, टवाळीच्या सुरात, "सुताऽऽर!" बहुतेक वेळा तंबाखूसाठी. आणि झाड पोकळ निघालं की दोनदा, आखूड, "सुतार, सुतार!" मग मी वहीत त्या झाडावर काट मारायचो. बाकीच्यांना वाटायचं, आमच्या दोघांचं काहीतरी थट्टेचं चाललंय. आणि ते खरंच थट्टेचं होतं. कामाच्या शब्दात थट्टा मिसळू नये एवढी अक्कल मला तेव्हा नव्हती.

मुसावू ठोकायचा तर काहीही ठोकायचा. पावाचा लांबट लोफ, साहेबांच्या जीपचं दार, आचाऱ्याचं टक्कल. एकदा बोटाच्या सांध्यांनी माझ्या छातीवर तीनदा ठोकून त्यानं कान लावला आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "चांगलं लाकूड आहे. घेऊन जा."

मला त्या वाक्याचा केवढा अभिमान वाटला होता, सांगून खरं वाटणार नाही.

आमचे साहेब टेंभुर्णे. गोंदियाचे. बारा वर्षांपासून आफ्रिकेत होते. मला त्यांनीच आणलं होतं, दर रविवारी स्वतःच्या हातानं पिठलं करून खाऊ घालायचे, माझी बायको बल्लारशाला सात महिन्यांची गरोदर होती तर तिच्या तब्येतीची माझ्याआधी चौकशी करायचे. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे झालं त्यात त्यांना राक्षस ठरवणं सोपं आहे. ते राक्षस नव्हते. त्या दिवशी ते मला वाचवत होते.

तो दिवस म्हणजे पावसाळा तोंडावर आलेला. पाऊस लागला की लठ्ठे ओढायचे रस्ते चिखलात बुडतात, त्यामुळे सगळ्यांची धावपळ. सकाळचं धुकं नुकतंच वर गेलं होतं. साहेब स्वतः जंगलात आले होते आणि माझ्या शेजारी उभे राहून रजेचं बोलत होते.

"पुढच्या मयन्याच्या बारा तारखेले निघ तू," ते म्हणाले. "पोरगं पाहून ये. पहिलटकरीण हाय बाई, घरी माणूस पायजे."

समोर इलेर एका मोठ्या ओकुमेला भिडला होता. ओकुमे म्हणजे तिथलं मुख्य लाकूड, आतून गुलाबी, हलकं. झाडावर मुसावूचे दोन पांढरे पट्टे होते, म्हणजे पास. आदल्या संध्याकाळी भुरभुर पावसात त्यानं ते पारखलं होतं. इलेरची पुढची खाच घेऊन झाली होती, मागून काप घालणं सुरू होतं. त्याचा थोरला भाऊ अनिसे खाली बुलडोझरवर बसून झाड पडायची वाट बघत होता. मुसावू चाळीसेक पावलांवर पुढच्या झाडाशी होता.

"सुतार! सुतार!"

मी साहेबांकडे बघत होतो. बारा तारीख, पोरगं, बल्लारशाचं स्टेशन. मुसावूला तंबाखू हवी असणार. मी मान न वळवताच हात वर केला. थांब बाबा, आलो, अशा अर्थानं.

करवतीचा आवाज चढला.

मग एक कडाका झाला. फांदी मोडल्यासारखा नाही. जमिनीच्या आतून आल्यासारखा. बुंध्यात धरून ठेवायला लाकूडच नव्हतं. झाड खुंटावरून मागं सरकलं, आणि त्याचं कापलेलं टोक रेड्यानं ढुशी द्यावी तसं इलेरच्या छातीत बसलं. त्याला घेऊन ते मागच्या झाडावर आदळलं. मग शेंडा खाली आला आणि काही क्षण नुसत्या फांद्या आणि पानं कोसळत राहिली.

सगळं थांबल्यावर एकच आवाज राहिला. इलेरची करवत खाली पडून चालूच होती आणि माती खात होती.

मी पळालो. माझ्याआधी मुसावू पोचला होता. इलेर मागच्या झाडाला टेकून उभा होता, म्हणजे बुंध्यानं त्याला तिथं चेपून उभा धरला होता. छातीपासून वर माणूस दिसत होता. खाली काय होतं ते मी बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही. तोंडातून फेसाळ रक्त येत होतं. डोळे उघडे होते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या डोळ्यांना सगळं कळत होतं.

अनिसे बुलडोझर घेऊन झाडंझुडपं तुडवत आला. "धर, धर, मी काढतो," असं ओरडत त्यानं पातं बुंध्याला लावलं आणि बुंधा रेटला. बुंधा हलला तशी इलेरच्या तोंडून किंकाळीही आली नाही, नुसती हवा आली. तो खाली घसरला. अनिसेनं उडी टाकून त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"बोल. काय झालं? बोल माझ्याशी."

इलेरला बोलता येत नव्हतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग उजवा हात कोपरातून उचलला आणि वर धरला. तळवा उघडा, बोटं वर. जसा मी धरतो तसा.

अनिसेला वाटलं, भाऊ हात मागतोय. त्यानं तो हात दोन्ही हातांत धरला, छातीशी घेतला. इलेरनं मान हलवली, हात सोडवला आणि पुन्हा वर धरला. अनिसेनं पुन्हा तो धरून चुंबला. तिसऱ्यांदा हात उचलायला इलेर राहिला नाही.

माझ्यासमोर मुसावू उकिडवा बसला होता. त्यानं तो हात पाहिला होता आणि माझ्याकडेही पाहिलं होतं. त्याला कळलं होतं. मला तर कळलंच होतं.

अनिसे बराच वेळ भावाचा चेहरा पुसत बसला. शर्टानं रक्त पुसायचा, पुन्हा यायचं, पुन्हा पुसायचा. मग डोकं अलगद जमिनीवर ठेवून तो उठला. त्यानं आधी जाऊन करवत बंद केली. मग खुंटाशी गेला. खुंट मडक्यासारखा पोकळ होता. पडलेल्या खोडावर दोन पांढरे पट्टे अजून स्वच्छ दिसत होते.

"हे कुणी पास केलं?"

"मी," मुसावू म्हणाला.

तोवर सगळी टोळी जमली होती, वीसबावीस माणसं.

"मी केलं," मुसावू म्हणाला. "काल पाऊस होता. पाखरं गप्प होती. माझ्या कानाला चुकलं. पण आत्ता करवतीच्या आवाजानं वरच्या भोकातून ते पाखरू बाहेर आलं, आणि मी ओरडलो. दोनदा ओरडलो. हात हलवत धावत आलो."

"मी काही ऐकलं नाही," अनिसे म्हणाला. तो चालू बुलडोझरवर बसला होता, त्याला काय ऐकू येणार?

"यानं ऐकलं," मुसावूनं माझ्याकडे बोट केलं. "याला विचार. मी 'सुतार, सुतार' ओरडलो. पोकळ झाडाला आम्ही तसंच म्हणतो. विचार त्याला."

अनिसे माझ्याकडे वळला. त्याच्या हातात कोयता होता. तो कधी उचलला कोण जाणे. दुसऱ्या हातावर, शर्टावर, मानेवर भावाचं रक्त. त्यानं आवाज चढवला नाही.

"हा ओरडला का? झाडासाठी ओरडला का?"

मी तोंड उघडणार तोच साहेबांनी माझा दंड धरला आणि मराठीत बोलायला लागले. घाईत, पण अगदी थंडपणे, जणू कामाचं काही सांगतायत.

"आयक. हो म्हणशीन तर मंग तो इचारीन, तू काय केलं? तू हात वर केला. म्या पाहिला. तो इथंच तुहे तुकडे करन, अन् आपल्याच्यानं काही होणार नाही. पोटुशी बायको हाय घरी."

"साहेब, त्यानं झाडासाठीच हाक मारली होती."

"तुले सुतार म्हणते न तो? तुहं नावच हाय न सुतार? मंग तेच सांग. खोटं कायले बोलतं? नाव सांग फक्त."

आमचं बोलणं त्या वीसबावीस माणसांत कुणालाच कळत नव्हतं. मुसावूला एकच शब्द कळला. तो त्या वाक्यांतून दोनदा त्याच्या कानावर पडला, आणि त्याचा चेहरा उजळला. त्याला वाटलं, साहेब मला तीच आठवण करून देतायत. तो जोरजोरात मान हलवायला लागला.

"हो, हो! सुतार! साहेबांनाही माहीत आहे. सुतार!"

तो चेहरा मी आजही पुसू शकलेलो नाही.

"सुतार माझं नाव आहे," मी अनिसेला म्हणालो. "पासपोर्टवर आहे. तो मला रोज त्याच नावानं हाक मारतो, तंबाखूसाठी. सगळ्यांनी ऐकलंय. तो मला हाक मारत होता."

टोळीतले दोघंतिघं मान हलवून हो म्हणाले. त्यांनी ऐकलंच होतं. रोज ऐकत होते.

मुसावूचं मान हलवणं थांबलं. तोंड अर्धवट उघडं ठेवून तो माझ्याकडे बघत राहिला. दोन हाका आणि एक हाक, आखूड आणि लांब, हा फरक तिथं दोघांनाच माहीत होता. तो सांगून कोणी मानलं नसतं, आणि बहुधा त्यालाही ते कळलं असावं.

अनिसेनं कोयत्याचं पातं वापरलं नाही. वापरलं असतं तर एकदाच संपलं असतं. त्यानं कोयता आडवा करून सपाट बाजू मुसावूच्या कानशिलावर हाणली. मुसावू गुडघ्यावर आला. मग दुसऱ्या बाजूनं.

"या कानांनी ऐकलंस? या?"

मुसावूनं दोन्ही कान हातांनी झाकले तसे अनिसेनं हातांवर मारलं. बोटांची हाडं मोडल्याचं मी ऐकलं. हात खाली आले तसा तो पुन्हा कानांवर मारत राहिला. लठ्ठे ओढायची लोखंडी तार बुलडोझरला लटकत होती, तिचं टोक त्यानं ओढून घेतलं आणि त्या टोकानं मारलं. मुसावू कुशीवर पडला. त्याच्या कानांतून रक्त यायला लागलं, पातळ, पाण्यासारखं. तरी अनिसे थांबेना. बुटानं मारत होता, आणि मारताना रडत होता, भावाचं नाव घेत होता.

"थांबा!" मी ओरडलो. "अरे मरेल तो! थांबा!"

मराठीत ओरडलो. कुणी वळूनही पाहिलं नाही. कोण पाहणार? फ्रेंचमधे तोच शब्द मला चांगला येत होता. पहिल्या दिवशी शिकवलेला शब्द. तो माझ्या तोंडून आला नाही, याचा अर्थ काय होतो ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी माझ्यापुरतं ठरवलेलं आहे.

शेवटी साहेबांनी आणि चारपाच जणांनी मिळून अनिसेला ओढून काढलं. साहेबांच्या भुवईवर त्यात कोपर बसलं, रक्त आलं. मी जागेवरच उभा होतो. माझ्या अंगावर एक ओरखडाही नव्हता.

दुपारी पोलीस आले. साहेबांनी माझा पासपोर्ट पुढं केला आणि नावाखाली बोट धरलं. अधिकाऱ्यानं ते अक्षर अक्षर लावून वाचलं, कागदावर उतरवलं आणि मी सही केली. पोकळ झाड पास केलं म्हणून मुसावूला पकडलं आणि ट्रकच्या मागच्या हौद्यात आडवा घालून नेलं. त्याच हौद्यात इलेर होता, ताडपत्रीत गुंडाळलेला. दुसरी गाडीच नव्हती.

इलेरला पुरताना मी ढसाढसा रडलो. अनिसेनं मला मिठी मारली. "तू माझा भाऊ," तो म्हणाला. त्या दिवसापासून तो मला जपायला लागला. जेवताना मांसाचा चांगला तुकडा माझ्या ताटात, चढावर माझी पिशवी त्याच्या खांद्यावर. मला त्याची इतकी भीती वाटायची, आणि त्याहून जास्त किळस माझी स्वतःची, की मी रात्रंदिवस बारा तारखेची वाट बघत राहिलो. मुसावूला पोलिसांनी अठरा दिवसांनी सोडलं असं कानावर आलं. दोन्ही कान गेले, असंही.

इथं मघाशी गाळलेलं सांगून टाकतो. आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. मुसावू हात हलवत धावत येताना इलेरला दिसला होता. त्यानं करवत हळू केली होती. आवाज पार खाली आला होता, इतका की दुसरी हाक मला लख्ख ऐकू आली. इलेरनं कानावरची एक टोपी उचलली आणि काय करू, अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं. माझा हात तोवर वर गेला होता. मी मान वळवली आणि आमची नजरानजर झाली. हात खाली घ्यायला पापणी लवण्याएवढा वेळ लागला असता. हाका दोन होत्या, आखूड होत्या, ते मला कळलं होतं. पण शेजारी साहेब उभे होते, आणि एकदा वर केलेला हात त्यांच्यासमोर खाली घ्यायचा म्हणजे पुन्हा चुकलो म्हणायचं. पहिल्या आठवड्यातली ती फजिती त्यांच्या कानावर गेलेलीच होती. मी हात तसाच ठेवला. इलेरनं टोपी खाली ओढली आणि करवत चढवली.

एवढंच. त्याला ना लोभ म्हणता येईल, ना वैर. हात खाली घ्यायची लाज वाटली.

बारा तारखेला अनिसेच मला गाडीनं सोडायला निघाला. नदीवर पूल नाही. लोखंडी तराफा गाड्या पलीकडे नेतो. ऊन कडक होतं, तराफा पलीकडच्या काठाला होता, म्हणून आम्ही उतरून उभे राहिलो. काठावर एक होडी पालथी घातलेली होती आणि एक माणूस तिच्या फटीत काहीतरी ठासत बसला होता. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी, ताठ झालेली.

मुसावू.

त्याला आमची चाहूल लागली नाही. आमच्या सावल्या होडीवर पडल्या तेव्हा त्यानं वर पाहिलं.

अनिसेनं मान फिरवली आणि पाण्याकडे बघत थुंकला. मी पुढं गेलो. आठवडाभर मनात घोकून ठेवलेलं सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. घरी जायच्या आधी अनिसेला सांगायचं, याच्यासमोर सांगायचं, मग काय व्हायचं ते होऊ दे. निदान तसं मी स्वतःला बजावलं होतं.

"मुसावू," मी म्हणालो. "मुसावू, मी आज सांगणार आहे. सगळं सांगणार आहे."

तो माझ्या ओठांकडे बघत होता. ऐकू तर येत नव्हतंच, आणि त्याला ओठ वाचताही येत नसावेत. तो उठला. जवळ आला, इतका जवळ की डांबराचा वास आला. डाव्या हाताच्या सांध्यांनी, जे अजून धड होते, त्यानं माझ्या छातीवर ठोकलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग वाकून त्यानं कान लावला. तो निकामी कान. कान लावून तो तसाच थांबला, अगदी झाडाला थांबायचा तसा, आणि माझं काळीज इतक्या जोरात धडधडत होतं की बहिऱ्यालाही ते गालाला कळलं असेल.

तो सरळ झाला.

"सुतार, सुतार!"

दोनदा. आखूड. स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत नव्हता म्हणून तो ओरडलाच, एवढ्यानं की तराफ्यासाठी थांबलेल्या बायका वळून बघायला लागल्या आणि समोरच्या झाडीतून बगळे उडाले. मग तो खाली बसला आणि पुन्हा होडीच्या फटीत चिंध्या ठासायला लागला. माझ्याकडे त्यानं नंतर पाहिलं नाही.

अनिसे माझ्या मागं येऊन उभा होता. त्यानं माझी बॅग खांद्यावर घेतलेली होती.

"काय म्हणाला तो?" त्यानं विचारलं. "तुला हाक मारली?"

तराफा काठाला लागत होता. अनिसेच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, नुसता प्रश्न होता.

"हो," मी म्हणालो. "माझं नाव आहे ते."